दाढ शांत असताना

दाढ ठणकत असताना माणूस काहीही कबूल करतो. आत्ताच्या आत्ता काढा, हवं तर चारही काढा, पण हे थांबवा. मग गोळ्या सुरू होतात, एखादी रात्र बरी जाते, हिरडीची सूज उतरते आणि तोच माणूस हिशेब घालायला बसतो. आता तर काही दुखत नाही, मग काढायची कशाला? अक्कलदाढेचा सगळा तिढा इथेच आहे. ती काढून टाकावी असं आपल्याला मनापासून वाटतं तेव्हा तिथे संसर्ग पेटलेला असतो, म्हणून डॉक्टर शक्यतो लगेच हात लावत नाहीत, आधी सूज उतरू दे म्हणतात. आणि डॉक्टर काढायला तयार होतात तेव्हा आपली गरज सरलेली असते. निर्णय घ्यायचा तो धडधाकट दिवशी, पोट भरलेलं असताना, झोप झालेली असताना. अशा दिवशी तोंडात हत्यारं घालून घ्यायला कोण राजी होईल?

माझी उजवीकडची खालची दाढ अशीच कित्येक वर्षं मला झुलवत होती. तिचा फक्त एक कोपरा हिरडीतून वर आला होता, बाकीची सगळी आत. त्या कोपऱ्यावर हिरडीचा एक पापुद्रा अर्धवट पडलेला. खाल्लेलं त्याच्या खाली जायचं, पण बाहेर यायचं नाही. ब्रशचं टोक तिथवर पोचत नाही, कितीही खळखळून चूळ भरली तरी आतलं आतच राहतं. मग कधीतरी तो पापुद्रा सुजतो. सुजला की तोंड मिटताना वरची दाढ नेमकी त्याच्यावर आदळते, त्याने तो आणखी सुजतो. गिळताना घशाच्या कोपऱ्यात कळ येते, कानात सणक जाते, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं आणि सकाळी उठल्यावर तोंडाला एक घाणेरडी चव असते. डॉक्टर याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. मी त्याला ‘पुन्हा सुरू झालं’ म्हणायचे, आणि घरातल्या सगळ्यांना कळायचं.

या दाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात असं सगळीकडे वाचायला मिळतं. येतात तेव्हा, पण घडायला त्याच्या किती आधी लागतात! आपण शाळेत पाढे पाठ करत असतो तेव्हाच जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचा वरचा भाग तयार व्हायला लागलेला असतो. मुळं पुरी व्हायला विशीचा टप्पा ओलांडावा लागतो. बाकीच्या दातांनी आपापल्या जागा केव्हाच धरलेल्या असतात. शिवाय माणसाचा जबडा आखूड होत आलेला. शिजवलेलं, मऊ केलेलं अन्न खाणाऱ्याच्या जबड्याला लहानपणी चावण्याचं काम कमी पडतं आणि हाड तितकं वाढत नाही, हे त्याचं एक कारण मानलं जातं. काही जणांना यातल्या एक-दोन दाढा मुळात नसतातच. असे लोक भेटले की मला त्यांचा फार हेवा वाटतो, आणि त्यांना त्याची काही कल्पना नसते हे आणखी चिडवणारं.

जागा नसली की दाढ वाट काढते आणि तिरकी होते. ती किती आणि कुठल्या दिशेला कलली आहे यावरून तिचे प्रकार पाडायची रीत १९२६ पासूनची आहे. सरळ उभी, पुढे कललेली, मागे कललेली, पार आडवी. खाली सर्वांत जास्त आढळते ती पुढे कललेली. माझी त्यातलीच, बसमध्ये डुलकी लागून शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकलेल्या प्रवाशासारखी.

हे मला दिसलं ते संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, ज्याला सगळे ओपीजी म्हणतात. हनुवटी एका टेकूवर ठेवायची, पुढचे दात एका छोट्या खाचेत धरायचे, हालायचं नाही. यंत्र डोक्याभोवती अर्धी फेरी मारतं आणि वीसेक सेकंदांत काम संपतं. रोंटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लावला, आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतले ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते २५ मिनिटं तोंडात काच धरून पडून राहिले होते. हे वाचल्यापासून त्या यंत्रात उभं राहताना कुरकुर करायची मला लाज वाटते.

स्क्रीनवर सगळा जबडा उलगडून सपाट मांडलेला. आमच्या नेहमीच्या दंतवैद्य बाईंनी पेनाच्या टोकाने दाखवलं. खालच्या दाढांच्या मुळांखालून एक काळसर पट्टा जातो, त्याच्या दोन्ही कडांना बारीक पांढऱ्या रेषा. हा जबड्याच्या हाडातला बोगदा, यातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. माझ्या उजव्या दाढेची मुळं त्या पट्ट्याच्या वरच थांबलेली. डावीकडची दाढ मात्र पूर्ण हाडात गाडलेली, आणि तिची मुळं त्या पट्ट्यावर चढलेली. जिथे चढली होती तिथे वरची पांढरी रेषा तुटलेली दिसत होती.

“ही रेषा तुटलेली दिसली की आम्ही सावध होतो,” बाई म्हणाल्या. “नस मुळाला अगदी चिकटून असू शकते. हिला हात लावायचाच झाला तर आधी थ्रीडी स्कॅन. पण ही काही त्रास देतेय का?”

डावीने मला जन्मात कधी त्रास दिला नव्हता. ती तिथे आहे हेच मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी पुन्हा उजवीकडे पेन नेलं. कललेली अक्कलदाढ जिथे पुढच्या दाढेला टेकली होती, तिथे पुढच्या दाढेच्या मागच्या अंगावर एक पुसट काळी छटा होती. कीड लागायला सुरुवात. माझा निर्णय झाला तो या छटेने, ठणक्याने नव्हे. अक्कलदाढ आयुष्यभर एक घासही चावणार नव्हती, आणि ती जिच्यावर रेलली होती ती दाढ माझी रोजच्या कामाची. बिनकामाच्या दाढेपायी कामाची घालवायची, एवढा साधा हिशेब होता. तो दुखण्याच्या दिवशी कधी सुचला नसता, कारण तेव्हा लक्ष भलतीकडेच असतं.

आता डावीचं काय, हा प्रश्न उरला. इथे जगभरच्या डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत. त्रास नसलेल्या, आजार नसलेल्या अक्कलदाढा केवळ पुढे त्रास होईल म्हणून काढू नका, असं ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००० साली सांगितलं, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ती पद्धत मागे पडली. याउलट काही देशांत अठरा-विशीतच चारही काढून टाकायचा रिवाज आहे. त्यामागचं कारणही खोटं नाही. तेव्हा मुळं पुरती झालेली नसतात, हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते, आणि वय वाढेल तशी शस्त्रक्रिया अवघड होत जाते. दोन्ही बाजूंचं वाचून झाल्यावर माझं मत असं झालं की ‘चारही काढा’ आणि ‘एकही काढू नका’ ही दोन्ही उत्तरं दाढ न बघता दिलेली आहेत. प्रत्येक दाढेचा निकाल वेगळा लागायला हवा. माझ्यापुरता तो असा लागला: उजवी काढायची, डावी राहू द्यायची आणि ठरावीक काळाने तिचा एक्स-रे काढत राहायचं.

लोकांचे सल्ले यात मी धरलेले नाहीत. अक्कलदाढ काढायची म्हटलं की प्रत्येकाकडे एक गोष्ट निघते. कुणाची पाच मिनिटांत निघाली, कुणाच्या मावसभावाचं तोंड महिनाभर उघडलं नाही. ज्याच्या त्याच्या दाढेचा कोन वेगळा, मुळं वेगळी, पण सल्ला सगळ्यांचा सारखाच ठाम.

बाईंनी मला तोंड आणि जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी वरचीही काढू या म्हटल्यावर मी विचारलं, “तिने काय केलंय?”

“काही नाही. पण खालची गेल्यावर तिला चावायला समोर काही उरत नाही. मग ती हळूहळू खाली उतरत येते, हिरडीला नाहीतर गालाला लागते. एकाच बैठकीत दोन्ही होतील. ठरवायचं तुम्ही.”

संमतीपत्रात लिहिलेलं बहुतेक लोक न वाचताच सही करत असावेत. मी वाचलं आणि अर्धा तास घाबरले. रक्तस्राव, सूज, संसर्ग हे समजण्यासारखं होतं. पण ‘खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहणे’ या ओळीवर मी अडकले. सर्जननी शांतपणे सांगितलं की असं थोड्या जणांना होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं, कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं: ही नस संवेदनेची आहे, हालचालीची नाही. म्हणजे तोंड वाकडं होत नाही, बोलता-हसता येतं, फक्त स्पर्श कळत नाही. माझ्या डोक्यातलं वाकड्या तोंडाचं चित्र तिथल्या तिथे पुसलं गेलं. डावीसाठीही त्यांनी एक वाट सांगून ठेवली. पुढेमागे काढायची वेळ आलीच आणि मुळं नसेला चिकटलेली निघाली, तर फक्त वरचा भाग कापून काढतात आणि मुळं हाडात तशीच ठेवतात. मुळं मुद्दाम आत सोडून देणं हाही उपचार असू शकतो हे मला नवीन होतं.

पूर्ण भूल की जागेवरची? मी जागेवरची निवडली. दंतवैद्यांचा आणि भुलीचा संबंध जुना आहे. अमेरिकेतले हॉरेस वेल्स स्वतः दंतवैद्य. हास्यवायूच्या एका जाहीर खेळात वायू हुंगलेल्या माणसाचा पाय चांगला सोलवटला, तरी त्याला पत्ता नाही, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १८४४ ला, त्यांनी तोच वायू स्वतः हुंगला आणि सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ उपटून घेतली. ती अक्कलदाढच होती. पुढच्या वर्षी बोस्टनला प्रयोग दाखवायला गेले तर रुग्ण मध्येच ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्स यांची हुर्यो उडवली. हल्ली दिली जाते ती भूल मात्र पुष्कळ अलीकडची. लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलं.

सुई पार मागे, जबड्याच्या आतल्या अंगाला जाते. टोचल्याचं दुखणं क्षणाचं. मग छातीत धडधडायला लागतं. भुलीत अॅड्रिनलिन मिसळलेलं असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि भूल जास्त वेळ टिकते, धडधड त्याची. हे मला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी खुर्चीतून उठून गेले असते. थोड्या वेळात अर्धा ओठ सुजून हनुवटीपर्यंत लोंबतोय असं वाटायला लागलं. आरशात बघितलं तर ओठ जागच्या जागी.

“दुखलं तर डावा हात वर करा,” सर्जन म्हणाले. “पण दाब जाणवेल, ढकलल्यासारखं वाटेल, आवाज येईल. त्याला भूल नाही.”

हे अगदी खरं निघालं. दुखण्याच्या नसा भुलीने गप्प होतात, दाब पोचवणाऱ्या जाड नसा पुरत्या होत नाहीत. आणि आवाज तर कानाने ऐकू येत नाही, तो हाडातून थेट डोक्यात येतो. हिरडीला छेद दिल्याचं कळलंही नाही. मग दाढेभोवतीचं थोडं हाड घासलं गेलं. त्यावर सतत पाण्याची धार, कारण तापलं तर हाड मरतं. मी समजत होते की पकडीने धरून ओढतील. तसं काही झालं नाही. कललेली दाढ पुढची दाढ सोडत नाही, म्हणून ती आतच कापली. वरचा भाग वेगळा, मुळं वेगळी. मध्ये एकदा डोक्यात ‘टक्’ असं काहीतरी झालं आणि माझा डावा हात आपोआप वर गेला.

“दुखतंय?”

मी मानेने नाही म्हटलं. दुखत नव्हतं. घाबरले होते, आणि त्यासाठी कुठला हात वर करायचा हे सांगितलेलं नव्हतं.

वरची दाढ कधी निघाली ते समजलंच नाही. वरच्या जबड्याचं हाड जाळीदार, खालचं घट्ट, त्यामुळे दोघींच्या कष्टांत एवढा फरक. टाके घालून झाल्यावर मी दाढ बघायला मागितली. स्टीलच्या ट्रेमध्ये खालचीचे तीन तुकडे होते. वरचा भाग पिवळट, त्याच्या एका कडेला काळपट खाच. एका मुळाचं टोक आकड्यासारखं वळलेलं आणि त्याला लालसर तंतू चिकटलेले. एवढ्याशा वस्तूने इतकी वर्षं इतक्या रात्री जाग्या ठेवल्या होत्या.

घरी जाताना हातात दिलेला सूचनांचा कागद मी नीट वाचला. गॉजची (जाळीदार कापडाची) घडी दाताखाली घट्ट धरून बसा, ही एक गोष्ट करायची. पुढे सगळी नकारघंटा. थुंकू नका. आज चूळ भरू नका. स्ट्रॉने पिऊ नका. सिगारेट अजिबात नको. गरम नको, वाकून ओझं उचलणं नको, जीभ लावून बघणं नको. या सगळ्या ‘नको’मागे एकच कारण आहे. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. हाड झाकणारी तीच, तिच्यावरच पुढची सगळी भरणी होते. थुंकताना किंवा स्ट्रॉ ओढताना तोंडात जी ओढ तयार होते तिने ही गुठळी निसटू शकते. थुंकायचं नाही म्हणजे काय करायचं, तर बेसिनवर तोंड उघडून वाकायचं आणि लाळ आपोआप गळू द्यायची. दिसायला भयंकर, कारण लाळेत थोडंसं रक्त मिसळलं तरी सगळं लाल होतं.

भूल उतरायच्या आधी गोळी घ्या, हा त्या कागदावरचा सर्वांत मोलाचा सल्ला. दुखणं चढल्यावर त्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. मला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशी जोडी दिली होती. दोन्ही मिळून एकेकटीपेक्षा चांगली कामं करतात, हे पाहिलं गेलं तेही अक्कलदाढ काढलेल्या लोकांवरच. वेदनाशामक औषधांची चाचणी घ्यायची तर ज्यांचं दुखणं सारख्या प्रकारचं, ठरलेल्या वेळी सुरू होणारं आणि बाकी तब्येत उत्तम, अशी माणसं लागतात. अक्कलदाढवाले त्यात चपखल बसतात. कुठलीही डोकेदुखीची गोळी घेताना आपण कुणा अनोळखी माणसाच्या सुजलेल्या गालाचे ऋणी असू शकतो. (आयबुप्रोफेन मात्र पोटाचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.)

पहिल्या दिवशी बर्फ शेकत मी खुशीत होते. एवढंच असतं का, असं सगळ्यांना फोनवर सांगितलंही. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते, त्याप्रमाणे गाल कानापासून हनुवटीपर्यंत फुगला. चावण्याचे स्नायू आखडले आणि चमचा आडवा आत जाईना, तिरका करून सरकवावा लागला. नंतर जबड्याखाली एक पिवळसर हिरवा डाग उतरला. बोलणं कमी झालं. घरच्यांना ते आवडलं असावं, कुणी तसं म्हणालं नाही.

खरी भीती होती ती ड्राय सॉकेटची. गुठळी निसटली किंवा विरघळून गेली की खड्ड्यातलं हाड उघडं पडतं. कमी होत आलेलं दुखणं दोन-चार दिवसांनी एकदम उलट चढायला लागतं, कानापर्यंत जातं, तोंडाला दुर्गंधी येते, गोळ्यांना दाद देत नाही. खालच्या अक्कलदाढांना हा धोका इतर दातांपेक्षा जास्त, सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना आणखी थोडा. उपाय आहे. खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरली की आराम पडतो, आणि मग जखम भरते, उशिरा का होईना. तरी मी रोज मोबाइलचा टॉर्च तोंडात मारून आत काय दिसतंय ते बघायचे. एकदा पांढरं काहीतरी दिसलं आणि मी फोटो काढून सर्जनना पाठवला. उत्तर आलं, “तो बरं होतानाचा थर आहे. टॉर्च बंद करा.”

चोवीस तासांनंतर मिठाच्या कोमट पाण्याला परवानगी मिळाली. चूळ खळखळायची नाही, पाणी तोंडात घेऊन मान एकदा इकडे, एकदा तिकडे करायची. पुढे खालचा खड्डा धुवायला वाकड्या टोकाची एक सिरिंज मिळाली. तिच्या धारेने कधी काय बाहेर येईल सांगता येत नाही. आत अडकलेला अन्नाचा कण निघाला की होणारं समाधान फार हलक्या दर्जाचं आणि फार खोल असतं.

टाके विरघळणारे होते. त्यातलं एक टोक जिभेला टोचत राहिलं आणि एका सकाळी गायब झालं. वरून हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आत हाड भरायला कित्येक महिने. दुखणं थांबलं की आपल्याला वाटतं झालं, पण आत काम चालूच असतं. जबडा मोकळा व्हायलाही वेळ लागला. रोज थोडं जास्त उघडायचं, जोर करायचा नाही. एके दिवशी जांभई पूर्ण आली आणि मग आवरेना.

पुढच्या दाढेतली कीड वेळेवर भरून झाली. तिचा मागचा भाग आता पहिल्यांदाच उघडा पडला आहे, आणि गार पाणी लागलं की तो झिणझिणतो. बाईंनी त्यासाठी छोट्या डोक्याचा, एकाच जुडग्याचा ब्रश दिला आहे आणि आरशासमोर उभं करून तो तिथे कसा न्यायचा ते शिकवलं आहे. गाल बोटाने बाजूला ओढायचा, तोंड अर्धंच उघडायचं, कारण पूर्ण उघडलं की गाल ताणून जागा बंद होते.

वरच्या डावीला चावायला समोर काही नाही हे माझ्या लक्षात उशिरा आलं. खालची डावी तर हाडात गाडलेली, मग वरचीची गत उजवीसारखीच नाही का? मी हे विचारलं तेव्हा बाईंनी एक्स-रे पुन्हा उघडला. वरची डावीसुद्धा अजून बरीचशी आतच आहे, उतरायचं नाव नाही. “पुढच्या वेळी बघू,” त्या म्हणाल्या आणि दोघींची नावं माझ्या कार्डावर लिहून ठेवली.